संगीताच्या टेबलापुढची रांग

थॉर्नबी माध्यमिक शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये संगीत हा विषय ठेवावा की बंद करावा, हा निर्णय मुख्याध्यापिका मिसेस थ्वेट यांनी संपूर्णपणे पालकांच्या इच्छेवर सोडला होता. ज्या गोष्टी बंद करायचं आधीच ठरलेलं असतं, त्या आमच्याकडे पालकांच्या इच्छेवर सोडतात.

सिक्स्थ फॉर्म म्हणजे शाळेची वरची दोन वर्षं. तिथं मुलामुलींना गणवेश नाही. त्यांनी ‘कार्यालयीन पोशाख’ घालायचा असतो. त्यामुळे आमची सोळा वर्षांची पोरं विमा कंपनीतून नुकतीच निवृत्त झाल्यासारखी दिसतात. दर नोव्हेंबरात खुली संध्याकाळ भरते. हॉलमध्ये प्रत्येक विषयाचं एकेक टेबल मांडतात आणि खालच्या वर्गातली मुलं आईबापांना घेऊन येतात. ज्या विषयाच्या टेबलाशी आठ मुलं उभी राहतील तो जगला, बाकीच्यांना शाळेच्या शुभेच्छा.

खालच्या वर्गातल्या एडी स्टब्स या मुलीला गाण्याखेरीज काहीही शिकायचं नव्हतं. इथला वर्ग बंद झाला तर त्यातल्या त्यात जवळची शाळा दोन बस बदलून, आणि तिथलं संगीत मागच्याच वर्षी पालकांच्या इच्छेवर सोडलेलं.

“त्या संध्याकाळी आमच्या मुलांना गाऊ द्या,” संगीतशिक्षक गॅरेथ पेन्गेली म्हणाले. “ऐकल्यावर लोक आपोआप येतील.”

“उत्तम कल्पना!” मिसेस थ्वेट म्हणाल्या. “मात्र सराव आवाज न करता करा. शेजारी सराव परीक्षा चालू आहेत.”

“आवाज न करता गाण्याचा सराव?”

“तोंडं उघडा की! तोंडं उघडण्यावर बंदी नाही, गॅरेथ.”

त्याप्रमाणे दोन आठवडे मुलं नुसती तोंडं उघडत मिटत राहिली. खिडकीतून पाहणाऱ्याला वाटावं, तळ्यातल्या माशांची शिकवणी चालली आहे.

मग गाण्याचे शब्द तपासणीसाठी उपमुख्याध्यापक मिस्टर क्रॅबट्री यांच्याकडे गेले. समावेशन, सुरक्षितता आणि मनःस्वास्थ्य ही तिन्ही खाती त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांना झोप कमी लागे. गाणं पेन्गेलींच्या वेल्समधल्या गावच्या प्रार्थनामंदिरातलं, आजीच्या तोंडून आलेलं. त्याची एकच ओळ फिरून फिरून येई: प्रभो, थकून आलो, दार उघड.

“हा प्रभू नक्की कुणाचा?” क्रॅबट्रींनी विचारलं.

“सगळ्यांचाच की हो.”

“तसं लेखी काही आहे का? नाही ना? मग काढा. आता हे ‘थकून’. पालक विचारतील, शाळेत मुलं थकतात का? तेही काढा.”

“बरं. पण ‘दार उघड’ तर राहू द्या!”

“गॅरेथ, तुम्ही जबाबदार माणूस आहात. बाहेरून कुणीतरी येतो, नाव सांगत नाही, स्वागतकक्षात जात नाही, गळ्यात पाहुण्याचा बिल्ला नाही, आणि आपली मुलं त्याला दार उघडा म्हणून गातात? उद्या तपासणी आली तर?”

“मग उरलं काय? ‘आलो’?”

“हे मात्र सुरेख आहे,” दारातून डोकावणाऱ्या मिसेस थ्वेट मनापासून म्हणाल्या. “हजेरीला पोषक.”

खुल्या संध्याकाळी हॉलमध्ये दुपारच्या जेवणातल्या उकडलेल्या कोबीचा वास तसाच होता. मुलं ओळीनं उभी राहिली आणि गाऊ लागली, “आलो, आलो, आलो.” पालक सौजन्यानं ऐकत होते. आमच्याकडे सौजन्यानं ऐकणारा माणूस हळूच घड्याळाकडे बघतो.

आणि मधेच एडीला काय झालं कोण जाणे. तिनं डोळे मिटले आणि ती ओळ सगळीच्या सगळी गायली. दुसऱ्यांदा गायली तेव्हा मागची मुलंही तिच्याबरोबर होती. दोन आठवडे कोंडलेला आवाज तो. छताला जाऊन भिडला. चहावाल्या बाईंचा हात किटलीवरच थांबला. कुणाचा प्रभू ते कुणी विचारलं नाही. तो आला होता. त्या कोबीच्या वासात, बिल्ला न लावता, सरळ आत आला होता. नर्सच्या गणवेशातली एक आई उघड उघड रडत होती. क्रॅबट्री चष्मा पुसत होते. एडीचे वडील रॉजर, बॉयलर दुरुस्त करणारा धिप्पाड गडी, नाक शिंकरत म्हणाले, “माझी पोर आहे ती! माझी!”

टाळ्या थांबेनात. “हा आपल्या शाळेचा आत्मा आहे,” मिसेस थ्वेट भारावून म्हणाल्या. “आता कृपया टेबलांकडे चलावं.”

लोक उठले. इथंच घात झाला.

मानसशास्त्राच्या टेबलाशी दोघं जण आधीच उभे होते. दोन माणसं एकामागे एक उभी दिसली की आमच्या माणसाचे पाय आपोआप त्यांच्या मागे जातात. बघता बघता रांग दारापर्यंत गेली; गाणारी मुलंही आपापल्या आईबापांबरोबर तिच्यातच. संगीताच्या टेबलाशी पेन्गेली एकटेच, चेहऱ्यावर हसू लावून.

“बाबा, ते टेबल,” एडी म्हणाली.

“दिसतंय गं.”

“मग चला ना.”

“तिथं कुणीच नाहीये.”

“म्हणून तर लगेच होईल!”

“अगं, कुणीच नाही म्हणजे काहीतरी कारण असेल ना? एवढी माणसं वेडी आहेत का?” असं म्हणून रॉजर रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले.

त्यांच्या मागे नर्सबाई आल्या. “पोरी, काय गायलीस! अंगावर काटा आला बघ. माझ्या थिओलाही फार वेड आहे गाण्याचं. रांगेचा शेवट हाच ना?”

“थिओला घेऊन तिकडे चला ना, काकू.”

“जाऊ की. कुणीतरी आधी गेलं, की जाऊच.”

एडी एकटीच निघाली आणि पेन्गेलींच्या समोर जाऊन उभी राहिली. पाठीमागे वळून वळून पाहत होती. रांगेतले सगळे तिच्याकडे कौतुकानं बघून माना डोलवत होते. एकदोघांनी हातही हलवला.

“एका माणसाला आपण रांग म्हणू शकतो का?” मिसेस थ्वेटनी हळूच विचारलं.

“धोरणात तशी तरतूद नाही,” क्रॅबट्री म्हणाले. त्यांचे डोळे अजून ओले होते.

वर्ग मागणीअभावी बंद झाला.

आता हे वाचून तुमचेही डोळे भरले असतील, आणि हसूही आलं असेल त्या लोकांचं. दोन्ही ठीकच. फक्त यंदा तुमच्या घरात जी दहावीला आहे, ती बराच वेळ एका मोकळ्या टेबलापाशी उभी राहून मागे वळून बघते आहे. रांगेत तुम्ही कितव्या नंबरावर आहात?