आईच्या अक्षता आणि कंपनीची स्प्रिंग

खंडेनवमीच्या सकाळी टूनगॅबी या परदेशी उपनगरातल्या घरात चंद्रहासने आपल्या रायफलचा बोल्ट, म्हणजे दर गोळीला मागेपुढे ओढायचा दांडा, सुटा केला, तेल लावलं आणि स्टीलच्या ताटात मांडला. पाच वर्षं तो नेमबाजी क्लबच्या टीममध्ये राखीव होता. राखीव म्हणजे बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा! यंदा मात्र त्याचा नेम असा बसत होता की बघत राहावं, आणि सिलेक्शन दोन-तीन आठवड्यांवर आलं होतं.

साताऱ्याहून आलेल्या आईने सगळ्या भागांना गंध लावलं, फूल वाहिलं आणि मूठभर अक्षता अशा उधळल्या, जणू बोल्टचं लग्नच आहे.

"यश दे रे बाबा माझ्या चंदूला!"

"आई, पुरे. शिफ्टला उशीर होतोय," म्हणत चंद्रहासने सगळं भराभर जोडलं, तिजोरीत कोंबलं आणि पळाला.

शनिवारी रेंजवर त्याने श्वास रोखला, नेम धरला, ट्रिगर दाबला.

"टिक्."

बस्स, एवढंच. गोळी जागची हलली नाही. पुढची सुटली. त्याच्या पुढची पुन्हा टिक्. चंद्रहासला वाटलं, आपलं नशीबच जीभ काढून वेडावतंय.

"फायरिंग पिनची स्प्रिंग मेली, चंद्र्या," शेजारी आडवा पडलेला सलील म्हणाला. सलील त्याचा युनिव्हर्सिटीपासूनचा दोस्त. दोघांनी एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या रायफली घेतल्या होत्या. "पिनला ढकलणारी तीच. तिच्यातच जीव नाही तर गोळी पेटणार कशी? कंपनीची स्प्रिंग अशीच मिळमिळीत असते. बाहेरच्या बनावटीची, आफ्टरमार्केट टाक. डबल जोर!"

"तू टाकलीस?"

"मी व्हिडिओ बघितलेत ना!"

एवढा भक्कम पुरावा मिळाल्यावर चंद्रहास कशाला थांबतोय? नवी स्प्रिंग आली. गॅरेजमध्ये सलीलच्या साक्षीने त्याने जुनी उपसून काढली. "घरभेदी मेली!" म्हणून तिच्याकडे धड न बघताच ती कचऱ्याच्या डब्यावर धरली.

"ए, टाकू नकोस. दे इकडे," सलील म्हणाला. दह्याचा रिकामा डबासुद्धा त्याने आजवर कधी फेकला नव्हता. "स्पेअर म्हणून असू दे."

नवी स्प्रिंग जोरदार होती. नको तितकी जोरदार! गोळ्या सुटायच्या सगळ्या, पण बोल्ट उघडायचा म्हणजे लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडण्यासारखं. दर वेळी रायफल हलायची आणि बसलेला नेम उठायचा. टार्गेटवरची भोकं अशी पांगली, जशी लग्नात जेवणं झाल्यावर माणसं पांगतात.

"बाबा, are you shooting it or wrestling it?" लेकीने, निहारिकाने विचारलं.

"सवय होईल," चंद्रहास म्हणाला. सवय झाली नाही. मनगट मात्र सुजलं.

सिलेक्शनच्या दिवशी आई दशम्यांचा डबा घेऊन मागे बसली होती. चंद्रहासने बोल्ट दोन्ही हातांनी ओढला, दात आवळून ओढला, शेवटी तर मनातल्या मनात सगळ्या कुलदैवतांना एकेका बाजूला धरायला लावून ओढला.

"टाइम, मेट," रेंज ऑफिसर हळूच म्हणाला. वेळ संपली, तरी चंद्रहासच्या गोळ्या अजून शिल्लक होत्या.

शेजारी सलील मात्र लोण्यातून सुरी फिरवावी तसा बोल्ट फिरवत होता. टीममध्ये सलीलचं नाव लागलं. चंद्रहासच्या हातात पुन्हा पाण्याच्या बाटल्या आल्या.

"तुझी आफ्टरमार्केट एवढी हलकी कशी चालते रे?" घरी परतल्यावर त्याने मेल्या आवाजात विचारलं.

"माझी? छे! मी म्हटलं, आधी तुझं काय होतंय ते बघू." सलीलने मान खाजवली. "सकाळी माझी जुनी स्प्रिंग कटकन तुटली ना. मग तुझी टाकलेली घातली. कंपनीची. एक नंबर आहे!"

"ती मेलेली होती!"

"नव्हती रे. वेढ्यांत काहीतरी अडकलेलं, म्हणून पुरती दाबली जात नव्हती. तू बघितलं नाहीस?" सलीलने खिशातून कागदाची पुडी काढली. आत तेलात माखलेला, लालसर, एकुलता एक तांदळाचा दाणा होता.

चंद्रहासने दाण्याकडे बघितलं. मग आईकडे. आईने चष्मा लावून दाणा निरखला आणि तिचा चेहरा उजळला.

"माझीच अक्षता की गं बाई! बघ, मागितलं होतं ना यश? दिलंन देवाने." तिने सलीलच्या डोक्यावरून हात फिरवला. "पत्ता तेवढा चुकला."

"काकू, पुढच्या वर्षी माझाही बोल्ट आणतो पूजेला," सलील नमस्काराला वाकत म्हणाला.

"आण हो. चंदू, बस जेवायला. भात वाढू?"

चंद्रहास त्या दिवशी दशम्यांवरच उठला.