उंदीर क्रमांक अठरा (हंगामी)

१९६४ सालच्या मार्चात यवतमाळच्या सांधेदाह संशोधन उपकेंद्रातील उंदरांचे सांधे मंजूर कार्यक्रमानुसार सुजत होते. शेपटीत मेलेले जंतू टोचले, की शरीराची संरक्षक यंत्रणा चवताळते आणि बाराव्या दिवशी स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते, असे प्रमुख सदाशिवरावांनी वर कळवले होते. सरकारला त्यात काही नवल वाटले नाही.

त्या सुजेवरचे नवे औषध उंदरांवर तपासले जात होते, आणि रोज मोजमापासाठी उंदीर धरून देणे हे बोरी अरब गावच्या मैनाबाईंचे काम. वर्षभरापासून त्यांचीही बोटे तशीच सुजत होती.

“सायेब, उंदरायची सूज उतरून राह्यली. मले बी द्या न ते औषध,” त्या म्हणाल्या. “मूठ वयत नाही. उंदीर सुटला त नोकरी जाईन माही.”

“औषध फक्त प्राण्यांसाठी मंजूर आहे, मैनाबाई. शिवाय तुमची सूज आपोआप आलेली. तिला मंजुरी कुठाय?”

पण बाईंचे हात पाहून साहेबांनाही वाईट वाटले, हे मान्य केले पाहिजे. शेवटी हेडक्लार्क भगवानरावांनी मार्ग काढला. अठरा नंबरचा उंदीर नुकताच वारला होता. त्या रिक्त जागी मैनाबाईंची हंगामी नेमणूक झाली. लिंग: मादी. शेपटी: निरंक. मोजमापाच्या तक्त्यावर त्यांचे रोज दोन अंगठे उठू लागले, एक धरणाऱ्या कर्मचाऱ्याचा आणि एक धरलेल्या प्राण्याचा.

तीन आठवड्यांत बरेच उंदीर टुणटुणीत झाले. बाईंच्या हातून मात्र पाण्याचा लोटाही पडू लागला.

“मलेच काहून गुण नाही, सायेब?”

“अठरा नंबर तुलनेच्या गटात आहे. त्याला नुसतं साखरपाणी. तुमची सूज वाढली, म्हणून तर औषध लागू पडतं हे सिद्ध झालं!” साहेबांचा आवाज कृतज्ञतेने भरून आला होता.

‘प्राणी क्रमांक अठरा प्राणी धरण्यास असमर्थ’ असा शेरा पडून बाईंची नोकरी गेली. यथावकाश औषध माणसांसाठी मंजूर झाले, तेव्हा त्या पहिल्याच दिवशी उपकेंद्रासमोरच्या रांगेत उभ्या राहिल्या.

“तुमची नोंद प्राण्यांत आहे,” भगवानराव हळहळले. “आणि प्राण्यांचा प्रयोग तर संपला.”

“अवो बाबूजी, मी माणूस आहो न!”

“तसा दाखला आणा.”

त्या गोळ्यांची बाटली तुमच्याही घरी असेल. ‘प्राण्यांवर कसून तपासलेले’ हे वाचून तुम्ही निर्धास्तपणे गोळी गिळता. ते प्राणी कोण, हे तुम्ही कधी विचारले नाही. आणि आता गुडघे बरे झाल्यावर विचारणार तरी कशाला?