स्की उपसमितीचा सहावा हंगाम

बर्फ पाडणे ही निसर्गाची जबाबदारी आहे आणि त्याची वाट पाहणे ही माणसाची. निसर्ग हल्ली कामात किती हलगर्जी झाला आहे ते आपण बघतोच. माणसांनी, निदान कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या मराठी माणसांनी, तरी कसूर केलेली नाही.

आमच्या मंडळाच्या स्की उपसमितीला सहा वर्षं झाली. अध्यक्ष संजय, चिटणीस मी, नंदन. गावाबाहेर पंधरा मिनिटांवर स्कीची टेकडी आहे. (पुण्याचा माणूस तिला टेकडी म्हणणार नाही, पण लिफ्ट आहे.) एकूण सभासद एकोणचाळीस. पैकी हेल्मेट असलेले सदतीस, गॉगल लावून फोटो काढलेले छत्तीस, प्रत्यक्ष स्की केलेले शून्य. हा आकडा सहा वर्षं टिकवणं खायचं काम नाही. नोव्हेंबरात बर्फ पडतो तेव्हा टेकडी उघडलेली नसते, डिसेंबरात टेकडी उघडते तेव्हा पाऊस पडतो, आणि जानेवारीत दोन्ही जमलं की उणे सत्तावीस होऊन गाडीच सुरू होत नाही. तरी दर सप्टेंबरात पहिली सभा भरते आणि ‘यंदा नक्की’ हा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो.

नियम कडक आहेत, असायलाच हवेत. बर्फ किमान तीस सेंटिमीटर. तापमान उणे दोन ते उणे आठ. वार शनिवार. त्या शनिवारी कुणाच्याही मुलाचा स्विमिंगचा क्लास नसावा. शिवाय पॉटलकची, म्हणजे कुणी कुठला पदार्थ आणायचा त्याची, यादी भरलेली असावी, कारण उपाशीपोटी घसरणं आपल्यात बसत नाही. असा दिवस आजवर एकदाच उगवला. नेमकं त्या दिवशी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, त्यामुळे निसर्गाचा नाइलाज झाला.

यंदा घोडं अडलं ते उमाकाकूंपाशी. काकू म्हणजे माझ्या शेजारच्या गंधारच्या आई. नागपूरच्या, निवृत्त शिक्षिका, वय सदुसष्ट. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी परतीचं विमान आणि एप्रिलात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. त्यानंतर पडाझडीचं नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जानेवारीच्या सभेला त्याही आल्या होत्या. चहा आल्यावर म्हणाल्या, “मला जायच्या आधी एकदा घसरायचंय. उभ्याने, बसून, कसंही.”

उपसमितीला गहिवरून आलं. सदर इच्छा अर्ज म्हणून दाखल करून घेण्यात आली. आमच्या सभासद नीलिमाच्या देखरेखीखाली ज्येष्ठ नागरिक कक्ष स्थापन झाला, काकूंच्या डोक्याचं माप घेण्यात आलं, आणि त्या पडल्यास टेकडीवाल्यांच्या जबाबदारीच्या फॉर्मवर सही कुणाची, यावर दोन सभा झाल्या. (दुसरी अधिक चांगली झाली, कारण वडे होते.)

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी उठून पाहतो तर चौतीस सेंटिमीटर बर्फ. उणे पाच, लख्ख ऊन, वारा नाही. शाळा बंद, सगळे घरून काम करत होते. उणीव एकच, मंगळवार. संजयने दुपारी बाराला तातडीची ऑनलाइन सभा लावली.

पावणेबाराला दारावरची बेल वाजली. काकू. अंगात गंधारचं जाकीट, पायांत त्याचेच बूट.

“नंदन, जाऊ या का आत्ता? गंधारचा कॉल चाललाय.”

मी म्हटलं, “काकू, घाई कशाला? शनिवारी सगळे मिळून नीट जाऊ.”

“शनिवारी बर्फ असेल?”

हाच विषय सभेपुढे असल्याचं मी त्यांना सांगितलं. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या.

सभा उत्तम चालली. गुरुवारी पाऊस आहे, या अंदाजाची नोंद घेण्यात आली. मग थालीपीठ न्यायचं की मिसळ, यावर चाळीस मिनिटं साधकबाधक चर्चा झाली. तेवढ्यात माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. आमच्या घरांमागे पावसाचं पाणी साठवायचं तळं आहे, त्याला बरा उतार आहे. त्या उतारावर काकू उभ्या होत्या. गंधारने स्कीचं सामान बेसमेंटमधल्या ज्या प्लॅस्टिकच्या खोक्यात जपून ठेवलंय, त्याचं झाकण त्यांनी बर्फावर टाकलं, त्यावर बसल्या आणि सुटल्या. खाली जाऊन उताण्या पडल्या. मग दिसलं की त्या हसताहेत. चार पायांवर वर आल्या, पुन्हा बसल्या. असं अकरा वेळा.

खरं सांगतो, मला हेवा वाटला. अगदी पोटातून वाटला. माझे बूट दाराशीच होते. पण चालू सभेतून उठायला चिटणिसाला अध्यक्षांची परवानगी लागते, आणि संजय थालीपिठावर बोलत होता.

गुरुवारी पाऊस पडला. शनिवारी एकोणचाळीसच्या एकोणचाळीस सभासद, पैकी सदतीस हेल्मेट घालून, टेकडीवर हजर झाले. टेकडी चिखलामुळे बंद होती, म्हणून मिसळ पार्किंगमध्ये झाली. तिथेच काकूंच्या घसरण्याचा विषय निघाला. ते अनधिकृत, मंगळवारचं आणि स्कीविना झालेलं असल्याने ग्राह्य धरू नये, असं ठरलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं संजय म्हणाला. (गुडघ्याचा उल्लेख मी इतिवृत्तातून वगळला.)

रविवारी मी काकूंची बॅग गाडीत ठेवू लागलो. त्या म्हणाल्या, “काय रे, खिडकीतच तर होतास. आला का नाहीस?”

मी बॅग नीट बसवली आणि डिकी लावली.

तुम्ही हसत असाल. हसा. पण आमच्या घटनेत सभासदत्वासाठी अर्ज लागत नाही. उबेला बसून दुसऱ्याचं घसरणं शेवटपर्यंत पाहिलं, की नाव आपोआप चढतं. तुमचा क्रमांक चाळीस.