राणीछाप रुपयाचा रंग

लक्ष्मीपूजनाला देवापुढे मांडायची नाणी कुंदाने दुपारीच चिंचेने घासून काढली, आणि त्यांच्याबरोबर सासऱ्यांच्या टेबलावरचा राणीछाप रुपयाही. "बघा तरी, भाऊ," तो त्यांच्यापुढे धरत ती म्हणाली, "केवढा मळ साचला होता. बोटं दुखली माझी."

तो मळ नव्हता. इतक्या वर्षांत चांदीवर आपसूक चढलेली निळसर काळी झाक होती ती, आणि तिच्यासाठीच भाऊंनी तो रुपया जिवापाड जपला होता. पण वैशाखात लग्न होऊन आल्यापासून दाराआडून बोलणारी ही मुलगी आज प्रथमच समोर उभी राहून हसत होती. भाऊंनी रुपया हातात घेतला. "छान झालाय," ते म्हणाले.

खरा घोर पुढेच होता. भाऊबिजेला भाऊंचे मित्र जयवंतराव फराळाला यायचे होते. तेही नाण्यांचे वेडे, आणि खरं बोलायचं ते मोठ्यानंच, असा त्यांचा बाणा. नाणं घासणाऱ्याला ते सरळ खुनी म्हणत. कुंदाच्या देखत असं काही झालं, की पोरगी पुन्हा दाराआड जाणार.

उकडलेल्या अंड्याजवळ चांदी काळी पडते, असं भाऊंनी कुठेतरी वाचलं होतं. पुस्तकातलं आपल्या हातून खरं होईल याची त्यांना कधीच खात्री नसे, पण दुसरं काही सुचेना. घरात तर अंड्याचं नावही निघत नसे. पाडव्याला सकाळी फिरायला म्हणून ते मागच्या गल्लीत रोझाबाईंकडे गेले, त्यांच्या कोंबड्यांची बराच वेळ विचारपूस केली आणि अखेर एक अंडं उकडून मागितलं. या वयात ताकद हवीच, म्हणून रोझाबाईंनी दोन दिली. भाऊंनी ती कुस्करून रुपयासकट डबीत भरली आणि डबी पुस्तकांमागे सरकवली.

ऐन पाडव्याला कुंदा मेलेला उंदीर शोधत कपाटं हलवत बसली. आपल्याला तर कसलाच वास येत नाही, असं भाऊ पुस्तकातून मान वर न करता सांगत राहिले.

भाऊबिजेला रुपया बाहेर काढला, तो खरोखरच काळा. भाऊंना इतका आनंद झाला, की त्या भरात डबी तिथेच राहिली.

जयवंतरावांनी चकली खाली ठेवली, डोळ्याला भिंग लावलं आणि रुपया उजेडात कलता करून पाहिला. "भाऊ, हा घासलाय रे. बघ ना, राणीच्या गालावर कशा बारीक रेघा आहेत. आणि हा काळा रंग काल फासल्यासारखा दिसतोय. जुना असा नसतो. कोणी केला हा खून?"

चहा घेऊन आलेली कुंदा दारात थबकली.

"मी," भाऊ म्हणाले.

मग जयवंतरावांनी त्यांची जी खरडपट्टी काढली, ती चहा पार निवेपर्यंत चालली. भाऊ मान खाली घालून ऐकत होते आणि मनातून अगदी सुखात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाने चहाच्या कपाशेजारी बशी ठेवली. बशीत उकडून सोललेलं अंडं होतं.

"डबी सापडली मला," ती हळूच म्हणाली. "असं लपवून, शिळंपाकं नका ना खाऊ. मी आणत जाईन. यांना नाही सांगणार."

भाऊंनी जन्मात अंडं चाखलं नव्हतं. ते तोंड उघडणार, तोच तिने कनवटीचा रुपया काढून बशीपाशी ठेवला. तो पुन्हा आरशासारखा लखलखत होता.

"आणि हा. मी एवढा लख्ख केला होता, तुम्ही घासून पार काळा करून ठेवलात. ते काका बोलले ते काही खोटं नाही. तुम्हाला नाही जमायचं हे काम. पुढच्या वेळी मला हाक मारायची, कळलं ना?"

एवढं सगळं ती या घरात एका दमात कधी बोलली नव्हती, आणि तेही दटावून.

"कळलं," भाऊ म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि अंड्याचा घास घेतला.

"मीठ देऊ?"

"दे, बाळ."