आईचे वजन एकदाच घ्यावे

इशारा देणाऱ्याचे काम इशारा देऊन संपते आणि पुढचे सगळे काम ऐकणाऱ्यावर येऊन पडते. मला मिळालेला इशारा तीन वाक्यांचा होता. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई चिठ्ठीवर सही करता करता म्हणाल्या, "या गोळीने वजन वाढेल. वाढलं की मला येऊन सांगा, आपण मार्ग काढू. पण परस्पर बंद करायची नाही." मी मान हलवली. बसमध्ये कंडक्टर 'पुढे सरका' म्हणतो तेव्हा आपण जागच्या जागी उभे राहून हलवतो, तशी. त्या दिवशी माझे वजन बावन्न किलो होते आणि वजन वाढणे ही इतर बायकांच्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे, हा समज माझ्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाने पक्का केला होता.

गोळी कशासाठी होती, तेही नोंदवून ठेवते. बाळ सहा आठवड्यांचे होते. दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत मी त्याचा श्वास चाळीस वेळा तपासत असे (ही सरासरी, रविवारी जास्त). चमचा उकळत असे, चमचा उचलायचा चिमटा उकळत असे, आणि एकदा थर्मामीटर उकळला. उरलेल्या वेळात बाथरूमचा नळ सोडून रडत असे. (पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली बादली ठेवत असे. रडणाऱ्या माणसाने बेजबाबदार असावे असे कुठे लिहिले आहे.) गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात बादली कोरडी राहू लागली. बाळाला उचकी लागली आणि मला हसू आले. गोळी लागू पडली होती. भूकही लागत होती, ती अशी की बिस्किटांचा पुडा उघडल्याचे आठवायचे, संपल्याचे आठवायचे नाही.

घरात ही गोष्ट फक्त बाळाच्या बाबांना माहीत होती. आईला सांगायला नको, ती उगाच काळजी करील, असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणून गोळ्या कॅल्शियमच्या डबीत राहायला गेल्या. सासूबाईंनी इमारतभर सांगितले की सुनेला कॅल्शियम फार मानवले. तिघींनी ते लगेच सुरू केले. (फरक शून्य. एकीने औषधवाल्याशी भांडण केले.)

पुढच्या चार महिन्यांत माझ्या वजनाबद्दल एकूण त्रेसष्ट शेरे आले. एकोणतीस नातेवाइकांचे, बावीस इमारतीतले, अकरा शिंप्याचे (एकाच भेटीत), आणि एक जिन्यात भेटलेल्या अनोळखी गृहस्थांचा. ते काही बोलले नाहीत, भिंतीला चिकटून उभे राहिले. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, तुझा फोटो आता आडवा काढावा लागणार." याच काळात मी हसू लागले आहे, याची नोंद घेणारा शेरा एक आला. तो इस्त्रीवाल्या काकांचा. हल्ली तुमचा आवाज ऐकू येतो, बरं वाटतं, एवढेच म्हणून ते कपडे मोजू लागले.

आता बालक वजन केंद्राकडे वळू. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर दोन खोल्यांचे हे केंद्र आहे. पहिल्या खोलीत बाक, दुसऱ्या खोलीत काटा. तान्ह्या बाळांचा काटा 'दुरुस्तीस पाठविला आहे' अशी पाटी टेबलावर आहे. पाटीला प्लॅस्टिकचे आवरण घातलेले आहे, म्हणजे ती टिकावी अशी अपेक्षा असावी. तोपर्यंत मोठ्या माणसांच्या काट्यावर आईने बाळासह उभे राहायचे आणि एकूण वजनातून आईचे वजन वजा करायचे. आईचे वजन कोणते, याविषयी परिपत्रकाचे कलम सात निःसंदिग्ध आहे: 'आईचे वजन पहिल्या भेटीत एकदाच घ्यावे. तदनंतर आई स्थिर धरावी.'

या कलमामागचा विचार थोर आहे. काहीतरी हलत नाही असे धरल्याशिवाय दुसरे काहीच मोजता येत नाही, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवले होते. ते न हलणारे काहीतरी म्हणजे मी, एवढे सांगायचे तेव्हा राहून गेले होते.

पहिल्या भेटीत मी बावन्न आणि बाळ साडेचार. कार्डावर हिरव्या शाईने तसे लिहिले गेले. महिन्याने दुसरी भेट. काट्यावर आम्ही दोघे मिळून साठ किलो तीनशे. सिस्टरनी बावन्न वजा केले. बाळ आठ किलो तीनशे. सिस्टर म्हणजे अनुभवी बाई, चष्मा साखळीला, पस्तीस मिनिटांत अकरा आया संपवणाऱ्या. त्यांनी काट्याकडे पाहिले, बाळाकडे पाहिले, आणि काट्यावर विश्वास ठेवला.

गणित मला तिथेच कळले. त्यातले तीन किलो माझे होते. तसे सांगायला मी तोंड उघडले, पण सिस्टर बाकाकडे वळून म्हणाल्या, "बघा. याला म्हणतात आई." अकरा जणींनी माझ्याकडे पाहिले. माझी पिशवी धरून उभ्या असलेल्या सासूबाईंनी पदर सारखा केला. माझ्या वाढलेल्या किलोंना जगात पहिल्यांदाच शाबासकी मिळत होती. मी तोंड मिटले.

(बाळाची हेळसांड झाली असे कोणी समजू नये. घरी येताना मी त्याला कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून पाही. पाच किलो तीनशे, पुढच्या महिन्यात सहा, मग सहा सहाशे. रद्दीवाला दर वेळी काट्याची बैठक फडक्याने पुसून देई. ही सोय केंद्रात नाही.)

तिसऱ्या भेटीत कार्डावरचे बाळ बारा किलोचे झाले. चौथ्या भेटीत पंधरा किलो सहाशे. कार्डावरचा आलेख छापील चौकट ओलांडून वर गेला आणि 'निरोगी बाळ, आनंदी घर' या घोषवाक्यातून आरपार निघाला. सिस्टरनी वर आलेखाच्या कागदाचा तुकडा डकवला. बाळ दिसायला तेवढे वाटत नाही, अशी शंका बाकावरच्या एका आगाऊ आईने काढली, तेव्हा त्यांनी समजावले की काही बाळांचे वजन हाडात असते. घरी माझ्यावरचे शेरे सौम्य झाले. पंधरा किलोचे मूल कडेवर घेणाऱ्या बाईला थोडे अंग लागतेच, असा सासूबाईंनी निकाल दिला.

पाचव्या भेटीच्या दिवशी मोठे साहेब पाहणीला आले. काट्यावर आम्ही सत्तर किलो शंभर. बाळ अठरा किलो शंभर, वय साडेपाच महिने. साहेबांना त्याला घेऊन फोटो काढायचा होता. ते जबाबदार गृहस्थ होते. त्यांनी कोट काढला, पाय फाकवले, गुडघे वाकवले, कमरेवर ताण येणार नाही अशा शास्त्रोक्त पद्धतीने दोन्ही हात बाळाखाली घातले आणि अठरा किलोंचा जोर लावला. बाळ सात किलो शंभर होते. ते साहेबांच्या हातांतून सुटून पंख्याच्या दिशेने निघाले, वाटेत त्याने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतले, आणि परत साहेबांच्या हातांत आले. मग खदाखदा हसले. एवढे ते पूर्वी कधीच हसले नव्हते. साहेब घाम पुसत म्हणाले, "वजनाच्या मानाने चपळ आहे."

आठवड्याने पत्र आले. सदर बालकाचे वजन पाच वर्षांच्या मुलाइतके असल्याचे निदर्शनास आले असून त्याचा आहार तात्काळ निम्मा करावा. त्यास नियमित चालण्याची सवय लावावी. पुढील भेटीत वजनात घट न दिसल्यास खुलासा सादर करावा. (बाळ तेव्हा उशीच्या आधाराने बसत होते आणि डावीकडे कलत होते.)

सासूबाई सरकारी कागद मानणाऱ्या. दुधाची बाटली त्यांच्या ताब्यात होती. त्या दिवसापासून ती अर्धी भरू लागली. उरलेली अर्धी मी बाथरूममध्ये दार लावून पाजू लागले. पण हे किती दिवस चालणार. पुढच्या भेटीत घट दिसायला हवी होती. खरे सांगायचे तर अकरा जणींसमोर, सासूबाईंसमोर आणि डकवलेल्या त्या कागदासमोर सांगावे लागले असते की जास्तीचे अकरा किलो माझे आहेत, ते अमुक गोळीचे आहेत, आणि ती गोळी कॅल्शियम नाही. दुसरा मार्ग सोपा होता. बाळाचे वजन जिथे साठले होते तिथून ते कमी करायचे. म्हणून बाळाचे वजन उतरावे यासाठी मी माझ्या गोळ्या बंद केल्या. या युक्तिवादात मला आजही चूक सापडलेली नाही. फक्त तो कोणाला ऐकवायचा नसतो.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात बादली कामावर रुजू झाली. श्वास तपासण्याचे प्रमाण चाळीसवरून सत्तरवर गेले. घास तोंडात फिरत राही, खाली उतरत नसे. वजन मात्र भराभर उतरले आणि घरात आनंदीआनंद झाला. सासूबाई म्हणाल्या, आता कशी माणसात आलीस. नणंदबाईंनी फोटो उभा काढायची तयारी दाखवली. महिनाभरात एकोणीस प्रशंसापर शेरे आले. नळाचा आवाज वाढल्याबद्दल एकही आला नाही. इस्त्रीवाले काका दोनदा दारात थांबल्यासारखे वाटले, पण कपडे बरोबर होते.

सहाव्या भेटीत आम्ही दोघे पासष्ट किलो चारशे. बाळ तेरा किलो चारशे. एका महिन्यात चार किलो सातशे घट. कार्डावर लाल शिक्का बसला: 'अतितातडीचे'. आया बाळाला उपाशी ठेवतात, असे कोणीतरी बाकावर पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर घरी आल्या. त्यांच्या पिशवीत झोळीचा काटा होता. (तो केंद्रात का वापरत नाहीत, असे कोणी विचारील. तो गृहभेटीचा काटा आहे. गृहभेटीतच वापरावयाचा, कलम अकरा.) त्यांनी तो दाराच्या कडीला टांगला आणि झोळीत बाळ ठेवले. सात किलो चारशे. त्यांनी बाळ काढले, काटा हलवून पाहिला, बाळ परत ठेवले. सात किलो चारशे. त्यांनी कार्डाच्या मागे हिरव्या शाईने बराच वेळ काहीतरी मांडले. मग चष्मा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले.

"मग बाकीचं वजन कोणाचं होतं, बाळाची आई?"

"माझं."

"आणि आता ते कुठे गेलं?"

खोलीत पाण्याचा आवाज येत होता. बेल वाजली तेव्हा नळ तसाच राहिला होता. सिस्टर आत गेल्या, नळ बंद केला, भरून वाहणारी बादली पाहून आल्या. मी म्हटले, "गोळ्या बंद केल्यात मी. बाळाचं वजन कमी करायला."

सासूबाईंनी विचारले, "कुठल्या? कॅल्शियमच्या?"

मी सांगितले. दोन मिनिटांत सांगून झाले. पाच महिने कशाला लागले कोण जाणे. सिस्टरनी बाळ उचलून सासूबाईंच्या हातात दिले. "हे धरा. हे उत्तम आहे. हिला घेऊन जायचंय." सासूबाईंनी एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने चपला शोधल्या. जिना उतरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि आवाजात राग होता. "रडायचं होतं तर माझ्यासमोर रडायचंस," त्या म्हणाल्या. "पाणी तरी वाचलं असतं."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. मी येऊन सांगा म्हटलं होतं, एवढेच म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या की चार महिने तुम्ही आला नाहीत, तेव्हा मीही फोन करायला हवा होता. त्यांच्या खोलीतही काटा होता, फायलींच्या गठ्ठ्याखाली. फायली उतरवून त्यांनी मला एकटीला त्यावर उभे केले. गोळी बदलली. रोज चालायचे ठरले. बाळाला लावायची होती ती सवय मला लागली. आज माझे वजन साठ किलो आहे आणि त्यात बाळाचा काही वाटा नाही. बाटली पूर्ण भरते. गोळ्या त्यांच्या स्वतःच्या डबीत असतात आणि सकाळी सासूबाई विचारतात, घेतलीस का. इमारतीत त्या आता हीच गोळी सुचवू लागल्या आहेत. त्यांना आवरावे लागते.

केंद्रानेही धडा घेतला. सिस्टरच्या अहवालावरून कार्डात नवा रकाना आला: 'आईचे वजन (बाळाशिवाय)'. तो सर्व केंद्रांत पहिल्या भेटीचाच आकडा पुन्हा लिहून शंभर टक्के भरला गेला. 'आई कशी आहे' असा आणखी एक रकाना सिस्टरनी सुचवला होता. तो 'एकक नमूद नाही' असा शेरा होऊन परत आला.

तुमचेही अभिनंदन करायला हवे. इथवर येताना तुम्ही सगळ्या वजाबाक्या तपासल्यात. बाळ कोणत्या महिन्यात खरोखर किती किलोचे होते, हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. मी गोळ्या बंद केल्या, तो परिच्छेद तुम्ही हसत वाचलात. (मीही हसतच लिहिला. माझी गोळी चालू आहे.)

तेव्हा एक काम करा. तुमच्या घरात, जिन्यात किंवा बाकावर एक जण असेल, जिच्याकडे गेलात की तुम्ही आधी बाळाचा गाल ओढता. तिच्या हातातले बाळ घ्या, दुसऱ्या कोणाकडे तरी द्या, आणि तिच्याकडे नीट बघा. वजनाविषयी काही बोलू नका, तिचे त्रेसष्ट शेरे पुरे झालेले असतील. नळ कशाला सोडला होतास, तेवढे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आमचे बाळ कालच्या काट्यावर सात किलो नऊशे भरले. तुम्ही तेच विचारणार होतात. आता उठा.