कादरभाईंचा गुळगुळीत पंख

माझ्या मुलीच्या बारशाला कादरभाईंनी तिला दोन्ही तळहातांवर आडवी घेतली, अलगद वरखाली केली आणि भरल्या घरात निकाल दिला, "नाकाकडं जड हाय. लई चांगलं. पुढं जड असलेलं इमान हवेत सरळ जातं." त्यानंतर आठवडाभर माझ्या सासूबाई पोरीचं नाक चोळत होत्या.

कादरभाई नांदेडातले आमचे शेजारी. रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झाले. पोरं हैदराबादला. घरी एकटेच, साच्यात फायबरचं कापड रेझिननं, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवानं, बसवून मॉडेल विमानं बनवतात. मीही बनवतो. त्यांचं विमान गोदावरीकाठच्या माळावर घारीसारखं तरंगतं आणि माझं फेकलेल्या चपलेसारखं खाली येतं. मी त्यांच्यावर जळतो. लपवून काय करू? त्यांच्या पंखात तोंड बघून भांग पाडता यावा, आणि माझ्या पंखाला बारीक बारीक छिद्रं!

बरं, माणूस शिकवायला कंजूष म्हणावा तर तसंही नाही. देगलूरचा कापड दुकानदार, लातूरचे दातांचे डॉक्टर, जो येईल त्याला साच्याला मेण कसं घासायचं, कापड कसं दाबायचं, सगळं दाखवणार. "हुनर दाबून ठेवायचा नसतो सर," हे वर. पण छिद्रं सगळ्यांच्याच पंखांना. मग पुन्हा सगळे त्यांच्याच दारी. हे गृहस्थ एक पायरी गाळतात, असा माझा पक्का संशय होता.

एका दुपारी न सांगता गेलो. खिडकीतून पाहिलं तर साच्याला नुसतं रेझिन फासून कादरभाई स्वस्थ बसलेले. मधूनमधून बोट लावून बघत होते. थर बोटाला चिकटायला लागला, तेव्हा कुठे त्यांनी कापड पसरलं. आम्हाला मात्र ओल्यावरच पसरायला लावायचे! मी तसाच मागे फिरलो.

माझा पुढचा पंख लखलखीत निघाला. तो घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"कादरभाई, चोरी पकडली तुमची. थर चिकट होईपर्यंत थांबायचं. हे का लपवलंत?"

त्यांनी पंख हातात घेतला, उजेडात फिरवला. मला वाटलं होतं, तोंड उतरेल. उलट ते खुश झाले.

"झकास! यक छिद्र न्हाई." मग म्हणाले, "पयले सगळंच सांगायचो, सर. मुखेडच्या यका मास्तरला शिकवलं. त्याच्या दोस्तांना शिकवलं. पंख चांगले झाले त्यांचे. मंग कोनी आलंच न्हाई." पंख माझ्या हातात परत दिला. "आता तुमचं बी काम झालं म्हना."

मला एकदम वाईट वाटलं. जळायचंही सुचेना.

"कसलं झालं? शेपटी जमून नाही राहिली," मी म्हणालो. शेपटी घरी तयार होती.

"कुठं अडून राहिलं?" ते लगबगीने खुर्चीवरचं कापड उचलू लागले. "बसा. पन यका दिवसात व्हायचं न्हाई ते. उद्या बी यावं लागंल."

"येतो की," मी म्हणालो. "आणि ते चिकट थराचं लातूरच्या डॉक्टरांना माझ्याकडून कळणार नाही."