वाटी रिकामी झाली

"भुकेन रडता तो. तुझां दूध ताका पुरणा नाय," चंद्रावतीनं सुनेला सुनावलं.

तीन महिन्यांचा निहार जरा कुरकुरला, की तिचं हेच निदान. त्यात शेजारची पार्वती रोज कुंपणावरून विचारायची, "गे, नातू बारीक दिसता. वरचां काय देणा नाय?" चंद्रावतीचा जीव तीळतीळ तुटायचा. सबंध मुळगावातल्या बाळंतिणी जिचा सल्ला घेतात, तिचा शब्द घरातच चालू नये!

"आई, सहा महिने माझांच दूध. पाणीय नाय," सिद्धी शांतपणे म्हणायची.

शेवटी चंद्रावतीनं बेत रचला. नाचणीचं सत्त्व, गूळ आणि नारळाचा रस घालून तिझान शिजवायचं, सुनेला परसात बोलण्यात गुंतवायचं, आणि तेवढ्यात ओसरीवर आजोबांनी नातवाला भरवायचं.

"माका जमचां नाय गो," तिचा नवरा सगुण घाबरला.

"चमचो तोंडाक लावपाक कितें कठीण? माका वाटी रिकामी दिसूंक जाय!"

वाटी खरोखरच रिकामी झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. निहार बाळसं धरू लागला आणि चंद्रावतीचे पाय जमिनीवर ठरेनात. पुढे तर सगुणच म्हणाला, "एक वाटी पुरणा नाय ताका. आनी थोडो गूळ वाडय."

लसीच्या दिवशी सगळे आरोग्य केंद्रात गेले. सगुणही आपली साखर तपासायला आला होता. नर्सनं निहारला वजनकाट्यावर ठेवलं आणि ती खूश झाली. "छान वाढलंय वजन! काय देता याला?"

"फक्त माझं दूध," सिद्धी म्हणाली.

चंद्रावतीला राहवलं नाही. "दूध कसलां? रोज माझां तिझान जेवता तो!"

सिद्धीचे डोळे भरून आले. "माका फसयलां, आई? आत्तांच निहाराक घेवन म्हायेरा जातां मी. सर्वणाक!"

नातू जाणार म्हटल्यावर चंद्रावतीचं अवसानच गळालं. एवढ्यात पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "काका, साखर एवढी कशी चढली? गोड खाता की काय?"

सगुणनं बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं.

"सुने, जावंनाका," तो कसाबसा म्हणाला. "निहारान एक चमचोय चाखूंक नाय. सगळां मीच खाल्लां. गुळाचो वास येतालो गो!"

सिद्धी रडता रडता हसू लागली. चंद्रावतीनं आधी नवऱ्याकडे डोळे वटारले, मग निहारला उचलून सुनेच्या कुशीत दिलं. "घे, पाज ताका. तुझ्याच दुधान वाडला तो."

घरी परतताना पार्वती कुंपणाशी टपून बसलेली होतीच. "कितें गे, वाडलां वजन?"

"वाडचां नाय तर कितें?" चंद्रावती ताठ मानेनं म्हणाली. "सहा महिने आवयचांच दूध, पाणीय नाय. मी पयलेसून सांगतां, आयकता कोण?"

सिद्धीनं पदरात हसू लपवलं. सगुणनं ओझं या हातातून त्या हातात घेतलं. वाटेत बाजारात चंद्रावतीनं त्याच्या हातात कारल्यांची पिशवी दिली होती, आणि ती चांगलीच जड होती.